तुडतुड्याची ओळख

पर्युषणाला अजून तीन आठवड्यांचा अवकाश होता. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, मुख्य रस्त्यावरील कृषी सेवा केंद्रात एका शेतकऱ्याने आपली पिशवी काउंटरवर रिकामी केली. पिशवीत कपाशीची पाच-सहा पाने होती आणि एरंडीचे एक मोठे पान. कपाशीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली वळल्या होत्या आणि दोन पानांवर तांबूस झाक आली होती. शेतकऱ्याचे म्हणणे सरळ होते. धुऱ्यावरची एरंडी तुडतुड्यांनी भरली आहे, तेथूनच ते कपाशीत उतरत आहेत, तेव्हा दोन्हींवर मारायला औषध द्यावे.

दुकानातील मुलाचा हात बाटलीकडे गेलाच होता. तेवढ्यात मागच्या घरातून नात बाहेर आली. ती कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एम.एस्सी. करीत होती आणि सुट्टीत आली होती. "काका, जरा थांबा," असे म्हणून तिने खिशातले दहापट मोठे दाखवणारे भिंग काढले आणि पाने उलटी करून पाहू लागली. कपाशीच्या पानाखाली शिरेलगत फिकट हिरवी, बिनपंखांची पिल्ले होती आणि बोट जवळ नेताच ती खेकड्यासारखी तिरपी पळत होती. एरंडीच्या पानावरचे बहुतेक प्रौढ कीटक पिशवी उघडताच उडून गेले होते. एकच मागे राहिला होता.

"हा आणि तो एकच, हे कशावरून?" तिने विचारले.

शेतकरी हसला. "हिरवा आहे, एवढासा आहे, उड्या मारतो. तुडतुडा नाही तर काय?"

दुकानाच्या कोपऱ्यातील गादीवर बसलेल्या दादाजींनी वर्तमानपत्रातून मान वर केली. वय अठ्ठ्याहत्तर. सारा जन्म कापसाच्या अडतीत गेलेला. सरकीवरील तंतू चिमटीत ओढून त्याची लांबी सांगणारा हा माणूस, पण त्याच कापसाच्या पानावर बसणारा कीटक त्यांनी कधी निरखून पाहिलेला नव्हता.

शेतकऱ्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. दोन्ही तुडतुडेच होते. पण 'तुडतुडे' हे एका घराचे नाव नसून साऱ्या गावाचे नाव आहे. जगात या कुळातील वीस हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. भातावरचा काळ्या टोकाच्या पंखांचा हिरवा तुडतुडा, आंब्याच्या मोहोरावरचे करडे तपकिरी तुडतुडे, कपाशीवरचा हा पाचूच्या कणासारखा, सगळे त्याच गावचे. विज्ञानाने प्रत्येक जीवाला दोन नावे दिली आहेत. पहिले प्रजातीचे, म्हणजे आडनाव आणि दुसरे जातीचे, म्हणजे स्वतःचे नाव. व्यापारी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच गावात एकाच आडनावाची दहा दुकाने असतात आणि उधारी कोणाची हे ठरवायचे तर आडनावावर थांबून चालत नाही. पण आडनावच चुकले, तर हुंडी भलत्याच पेढीवर जाते.

गाव ओळखण्याची खूण मागच्या पायात असते. तुडतुड्याच्या मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या लांब रांगा असतात, फणीच्या दातांसारख्या. त्याच्यासारखेच उड्या मारणारे, पण फेसात राहणारे कीटक असतात. त्यांच्या नळीवर एक-दोनच जाड काटे आणि टोकाशी काट्यांचे कडे असते. भातावरच्या तपकिरी उडत्या कीटकालाही मराठीत तुडतुडाच म्हणतात. पण त्याच्या नळीच्या टोकाशी हलणारी एक आर असते आणि मिशा डोळ्यांच्या खालून निघतात. शास्त्राच्या दृष्टीने तो निराळ्याच कुळातला. मराठीने दोघांना एकाच नावाखाली कोंबले, यात भाषेचा दोष नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोघेही रसच शोषतात.

गावातून गल्लीत शिरायचे तर पंख पाहावे लागतात. कपाशीचा तुडतुडा ज्या उपकुळात येतो, त्यातील कीटक बारीक आणि नाजूक असतात. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. पुढच्या पंखांतील उभ्या शिरा बुडाशी पुसट असतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा फक्त टोकाकडे दिसतात. मागचा पंख उलगडून पाहिला, तर कडेलगत एक शीर धावते आणि आतल्या एका शिरेला फाटा फुटतो की नाही, यावर आप्तांमधली वेगवेगळी घरे ठरतात. यापुढे राहते ते दार. कपाशीच्या तुडतुड्याच्या माथ्यावर दोन काळे ठिपके असतात आणि पंखांच्या टोकाकडे प्रत्येकी एक. 'बायगट्युला' या त्याच्या जातिनामाचा अर्थच दोन ठिपक्यांचा.

ठिपके पाहिले की ओळख पटली, असे पुस्तक वाचणाऱ्याला वाटते. पण ठिपका हा रंगाचा मामला आहे. तो कधी पुसट होतो, कधी एका बाजूचा दिसतच नाही आणि नुकत्याच कात टाकलेल्या कीटकात तर रंगही पुरता भरलेला नसतो. धनादेशावरील सही पहिल्या अक्षराच्या वळणावरून पारखता येत नाही, नमुना सहीशी शेवटच्या फराट्यापर्यंत ताडावी लागते, तसेच येथे आहे. तुडतुड्याची प्रजाती निःसंशय ठरवायची, तर नर हवा. त्याच्या पोटाचे टोक अलग करून, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करून, मऊ भाग विरघळवून, उरलेले कठीण अवयव ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. प्रजननाच्या त्या आकड्यांची आणि पट्ट्यांची घडण प्रत्येक जातीत ठरलेली असते. तेथे लबाडी चालत नाही.

या एवढ्याशा जीवाच्या नावाचा इतिहासही पेढीच्या वह्यांसारखाच आहे. डिस्टंट नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये त्याला 'एम्पोआस्का डिव्हास्टन्स' म्हटले, म्हणजे उद्ध्वस्त करणारा. भारतातील कापूस संशोधकांच्या दोन पिढ्यांनी हेच नाव वापरले. पुढे लक्षात आले की इशिदा या जपानी संशोधकाने १९१३ मध्येच फोर्मोसा, म्हणजे आजच्या तैवानमधील नमुन्यावरून याच जीवाचे वर्णन केले होते. जुनी नोंद खरी, हा नियम असल्यामुळे 'डिव्हास्टन्स' मागे पडले. मग १९६७ मध्ये घौरी या कीटकशास्त्रज्ञाने नरांचे अवयव तपासून 'अमरास्का' ही वेगळी प्रजाती मांडली आणि कपाशीचा तुडतुडा तिच्यात गेला. एरंडीवरचा तुडतुडा मात्र आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत 'एम्पोआस्का' याच नावाने येत राहिला. म्हणजे एके काळी दोघांचे आडनाव एक होते. आता नाही. काउंटरवर पडलेल्या दोन पानांचा प्रश्न नेमका हाच होता.

आणि तो केवळ प्रबंधाचा प्रश्न नव्हता. धुऱ्यावरच्या एरंडीतील कीटक वेगळ्या प्रजातीचा असेल, तर एरंडीवर फवारा मारण्याचे कारणच उरत नव्हते. पान खाणाऱ्या अळ्या कपाशीऐवजी तिकडे वळाव्यात, यासाठी तर शेतकऱ्याने एरंडी लावलेली होती.

नातीने त्या दिवशी शेतकऱ्याला एरंडीसाठी काही दिले नाही. कपाशीसाठी मात्र तिने शेताच्या निरनिराळ्या भागांतील झाडे पाहून, दर पानामागे सरासरी दोन ते तीन पिल्ले आढळली तरच या, असे सांगितले. शेतकरी कुरकुरत गेला आणि बहुधा शेजारच्या दुकानात शिरला. दुकान चालवणाऱ्या मुलाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, गल्ला बंद करताना एवढेच म्हटले, "हंगाम तीन महिन्यांचा असतो, बेटा."

खरी ठिणगी संध्याकाळी पडली. नातीच्या पिशवीतून दादीमांना एक रुंद तोंडाची बाटली सापडली. तळाशी कापूस, वर जाळी आणि बुचाला औषधी वास. कीटक पकडून मारण्याची ती बाटली होती. विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असते. दादीमांनी ती दादाजींपुढे ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या घरात ही उघडायची नाही. चतुरिंद्रिय जीव आहे तो."

"दादाजी, मला फक्त पाच नर हवेत."

"पाच असोत की एक. जाणूनबुजून मारणे म्हणजे संकल्पी हिंसा. गृहस्थाला तेवढी तरी टाळता येते."

नातीने दुकानाच्या बाजूच्या दाराकडे पाहिले. दारातून फडताळे दिसत होती. लाल, पिवळ्या, निळ्या त्रिकोणांची चिन्हे असलेल्या बाटल्यांच्या रांगा. ती हळू आवाजात म्हणाली, "आणि त्या?"

वडील उठून उभे राहिले. दादाजींनी हाताने त्यांना बसवले. उत्तर त्यांच्यापाशी तयार होते, कारण गेली वीस-बावीस वर्षे ते स्वतःलाच हे उत्तर देत आले होते. दुकान म्हणजे उद्योगी हिंसा. शेती करणाऱ्यालाही ती चुकत नाही, शेती जगवणाऱ्यालाही नाही. पण बोलताना त्यांचा स्वर नेहमीसारखा ठाम नव्हता. अडत मोडल्यावर मुलाने हे दुकान टाकले, तेव्हा चातुर्मासासाठी गावात असलेल्या साध्वीजींनी पंधरा कर्मादानांची आठवण करून दिली होती आणि त्यांत विषवाणिज्य आहे. दादाजींनी त्यावर तोड काढली होती. दुकान मुलाच्या नावावर केले, स्वतः बाटलीला हात लावायचा नाही असा नियम घेतला आणि गादीवर बसून राहिले. मराठी भाषेनेही त्यांना साथ दिली. सारा मुलूख विषाला 'औषध' म्हणतो, मग विकणाऱ्याने वेगळे काय म्हणावे?

२०१७ च्या पावसाळ्यात ही तोड उसवली होती. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. या दुकानाच्या एका गिऱ्हाइकाच्या शेतावरचा मजूरही त्यांत होता. तो वाचला, पण आठ दिवस त्याला धूसर दिसत होते. तीन निरनिराळी औषधे एका पंपात मिसळून त्याने फवारली होती आणि तिन्हींचे बिल याच दुकानाचे होते. कशावर फवारले, असे दादाजींनी रुग्णालयात विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बारीक कीड होती. मालक म्हणाले, सगळ्यावर चालेल असे द्या." त्या बिलाची कार्बन प्रत दादाजींच्या सामायिकाच्या पुस्तकात आजही आहे. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

नातीला ते ठाऊक होते. तिने ते काढले नाही. ती एवढेच म्हणाली, "किडीचे नाव माहीत असून मारले तर उद्योगी म्हणू. नाव माहीत नसताना, गरज नसताना सगळ्यावर फवारले, त्याला पाठशाळेत आम्हांला अनर्थदंड शिकवलेत तुम्हीच."

दादाजी त्या रात्री लवकर झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादीमांनी एक कागदाची पुडी आणून दिली. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रात्री जमून मेलेले कीटक त्यांनी पूंजणीने अलगद गोळा केले होते. "यात जिवंत एकही नाही. दोनदा पाहिले." पुडीत खरोखरच सात-आठ हिरवे तुडतुडे होते, त्यांत नरही होते आणि वाळलेल्या नरावरही काम होते. नातीने दादीमांच्या पायांना हात लावला आणि मग नाइलाजाने सांगितले की याचा उपयोग नाही. दिव्यावर आलेला कीटक कपाशीवरून आला की एरंडीवरून, हे कोणी सांगावे? कोणत्या झाडावरचा, ही नोंद नसलेला नमुना म्हणजे खातेदाराचे नाव नसलेली ठेव.

मार्ग दादाजींनी काढला आणि तो व्यापाऱ्याचा मार्ग होता. भाव पटत नसेल तर माल वखारीत ठेवून थांबायचे. त्यांनी तलम मलमलीच्या चार पिशव्या शिवून घेतल्या. त्या शेतकऱ्याला निरोप पाठवून ते स्वतः रिक्षाने त्याच्या शेतावर गेले. धुऱ्यावरच्या एरंडीच्या दोन फांद्यांवर आणि कपाशीच्या दोन फांद्यांवर, पानांवरच्या तुडतुड्यांसकट, पिशव्या चढवून बांधल्या. आत पान आहे, रस आहे, आयुष्य असेल तितके जगतील. मरतील तेव्हा घेऊ. नातीने सांगितले की प्रौढ कितीतरी आठवडे जगू शकतो. दादाजी म्हणाले, "कापसाचा भाव चढेपर्यंत आठ-आठ महिने थांबलो आहे."

यावर दादीमांचे मत निराळे पडले. संध्याकाळच्या प्रतिक्रमणानंतर त्यांनी शांतपणे विचारले, "पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत बंध कितवा?" बंध पहिलाच आहे. जीवाला कोंडणे, बांधणे हाही दोषच. दादाजींना त्यावर उत्तर सुचले नाही आणि त्यांनी ते शोधण्याचा आवही आणला नाही. फांदीवर किती पाने ठेवली, हवा जाते का, ऊन लागते का, याची चौकशी मात्र ते रोज करू लागले. एका दिवसाआड रिक्षा ठरवली. वळचणीच्या पालीला हटकणाऱ्या माणसाने एका मुंगीने पिशवीला भोक पाडले म्हणून त्या मुंगीला वाट करून दिली आणि पिशवी बदलली.

त्याच फेऱ्यांत ते भिंग वापरायला शिकले. पहिल्यांदा मागच्या पायावरची काट्यांची रांग दिसली, तेव्हा त्यांनी भिंग डोळ्यावरून काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. त्या काट्यांचे काम नातीने सांगितले. तुडतुडा शरीरातून दुधासारखा एक स्राव सोडतो आणि पायांच्या या फण्यांनी तो अंगभर विंचरून घेतो. वाळल्यावर त्याची भुकटी होते आणि तिचा एकेक कण एका मायक्रॉनहूनही लहान, जाळीदार चेंडूसारखा असतो. तिच्यामुळे पाणी आणि त्याची स्वतःची चिकट विष्ठा अंगाला लागत नाही. दादाजींनी विचारले, "म्हणजे तोही प्रमार्जन करतो?" नातीने हसू आवरले.

तोवर नातीची सुट्टी संपली. ती विद्यापीठात परतली आणि मेलेले कीटक उचलण्याचे काम दादाजींकडे आले. मऊ कुंचल्याने उचलून, छोट्या शिशीत घालून, चिठ्ठीवर झाड आणि तारीख लिहून. त्यांचे अक्षर अजून मोत्यासारखे आहे. पर्युषणाचे आठही दिवस ते शेतावर गेले नाहीत. संवत्सरीला चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागताना चौरिंद्रियांच्या दोन लक्षांपाशी ते थोडे अडखळले, असे शेजारी बसलेल्या मुलाला वाटले.

पारण्यानंतरच्या आठवड्यात पिशव्या उतरवल्या. एरंडीवरच्या दोन पिशव्यांत अकरा मेलेले मिळाले, कपाशीवरच्या दोहोंत नऊ. जे जिवंत होते, त्यांना सोडून दिले. कपाशीवरचे कपाशीतच सोडल्याबद्दल शेतकऱ्याने कपाळाला हात लावला, पण तो काही बोलला नाही. एव्हाना त्याला या म्हाताऱ्याचा लळा लागला होता.

नातीने विद्यापीठात काचपट्ट्या तयार केल्या. कपाशीवरच्या चारही नरांचे अवयव 'अमरास्का'च्या वर्णनाशी जुळले. त्यांतील एकाच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नव्हतेच. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने त्याला एरंडीच्या घरात घातले असते. एरंडीवरच्या पाच नरांपैकी एकही त्या वर्णनाशी जुळला नाही. त्यांची घडण वेगळी होती आणि आपसांत सारखी होती. त्यांचे नेमके आडनाव ठरवण्यासाठी काचपट्ट्या तज्ज्ञाकडे जायच्या आहेत. पण धुऱ्यावरच्या एरंडीचे तुडतुडे कपाशीत उतरत नव्हते, एवढे त्या शेतापुरते ठरले. गावातल्या इतर शेतांबद्दल यावरून काही बोलता येत नाही, हेही तिने फोनवर दोनदा बजावले.

त्या हंगामात दुकानाची विक्री घटली. किती, ते मुलाने दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी वडिलांना आकड्यांत सांगितले आणि तो आकडा लहान नव्हता. दादाजींनी वही मागून घेऊन पाहिली, परत दिली आणि म्हणाले की पुढच्या वर्षी काउंटरवर दुसरे एक भिंग ठेवायचे आहे, त्याचा खर्च त्यांच्या खाती लिहावा. मुलगा चिडला की हसला, हे सांगता येणार नाही. त्याने खर्च लिहिला. लाल त्रिकोणाच्या बाटल्या त्याने एका फडताळावरून काढल्या, दुसऱ्यावर अजून आहेत.

नमुन्यांची पेटी मात्र विद्यापीठात अडली. प्रत्येक नमुन्याखाली टाचणीला बारीक चिठ्ठी असते. गाव, तारीख, कोणत्या झाडावरून आणि संग्राहकाचे नाव. मार्गदर्शकांनी भिंगातून चिठ्ठ्या तपासताना विचारले, की यांवर झाडाच्या नावापुढे 'आयुष्य पूर्ण' असे देवनागरीत का लिहिले आहे आणि हे अक्षर कोणाचे? अशी नोंद करण्याची पद्धत नाही. नातीने सांगितले की संग्राहकाने लिहून पाठवले आहे आणि त्या चिठ्ठ्या बदलल्या तर तो पुढच्या वर्षी शेतावर जाणार नाही. मार्गदर्शकांनी थोडा विचार केला आणि त्या चिठ्ठ्यांखाली इंग्रजी चिठ्ठ्या जोडायला सांगितल्या.